कुठलाही दावा तपासायचा असेल तर आधी हे करा

कोणी म्हणालं की आमचं हे शास्त्र आहे, तर आपण लगेच पुरावा मागतो आणि तिथेच फसतो, कारण अनुभव सांगणारे ढिगानं मिळतात. त्यापेक्षा सरळ विचारा, काय घडलं तर तुम्ही मान्य कराल की आपलं चुकलं? आणि उत्तर टेस्टच्या आधीच लिहून घ्या, हे सगळ्यात महत्त्वाचं. विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर याचा भर यावरच होता.

हे कसं करायचं ते पुण्यातच बघायला मिळालं. २००८ मध्ये जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर वगैरे मंडळींनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. १०० हुशार मुलं आणि १०० बौद्धिक अक्षमता असलेली मुलं, सगळ्यांच्या कुंडल्या बनवल्या, नावं काढून नुसते नंबर दिले. प्रत्येक ज्योतिषाला ४० कुंडल्या, कुठली कुठल्या गटातली एवढंच सांगायचं. आता नाणं उडवून सांगितलं तरी साधारण २० बरोबर येणारच ना, म्हणून पास व्हायची रेघ २८ वर ठेवली. ५१ जणांनी कुंडल्या नेल्या, २७ जणांची उत्तरं आली, सरासरी ४६ टक्के आणि सगळ्यात जास्त २४. हा २४ बघून हुरळायचं नाही हां, २७ जणांनी नाणी उडवली तरी एखाद्याचे २४ सहज येतात. म्हणूनच रेघ आधी आखायची.

मग येतात सबबी, आणि खरं अवघड काम इथे आहे, कारण सबबी विज्ञानसुद्धा देतं. युरेनस गणितानुसार फिरेना तेव्हा न्यूटनला कोणी फेकून दिलं नाही, फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए म्हणाला पलीकडे अजून एक ग्रह असणार, तो कुठे दिसेल तेही सांगितलं, आणि १८४६ मध्ये बर्लिनला तिथेच जवळपास नेपच्यून सापडला. पुढे बुध चुकायला लागला तेव्हा त्यानंच सूर्याजवळ व्हल्कन नावाचा ग्रह सुचवला, तो काही सापडला नाही, शेवटी १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या थिअरीनं ते कोडं सुटलं. दोन्ही सबबी मला तितक्याच प्रामाणिक वाटतात, कारण दोन्ही दुर्बिणीतून तपासता येत होत्या.

त्यामुळे जन्मवेळ चुकली असेल असं कोणी म्हणालं तर उडवून लावू नका. किती मिनिटांचा फरक चालतो ते विचारा, तितक्या अचूक वेळा नोंदवलेल्या नव्या कुंडल्या घ्या, आणि रेघ परत २८ वरच ठेवा.