भा. रा. भागवतांची पुस्तकं जमवायला निघण्याआधी

सगळ्यात आधी कागद-पेन घ्या आणि नक्की काय जमवायचंय ते ठरवा. मुलांसाठी लिहिणारे 'भा. रा. भागवत' म्हटलं की नव्वद टक्के लोक 'फास्टर फेणे' म्हणतात आणि तिथेच थांबतात. फुरसुंगीचा बनेश फेणे, त्याची सायकल आणि ते तोंडाने काढलेलं 'ट्टॉक्' एवढंच हवं असेल, तर तयारी फारशी लागतच नाही. पुण्याच्या उत्कर्ष प्रकाशनाने वीस पुस्तकांचा संच काढलेला आहे. तो मागवा, कपाटात लावा, झालं. २०१७च्या 'फास्टर फेणे' चित्रपटानंतर ही पुस्तकं पुन्हा चर्चेत आली, त्यामुळे ती मिळणं तसं सोपं आहे. (त्या चित्रपटात खुद्द भागवतांची भूमिका दिलीप प्रभावळकरांनी केली होती.) ही यादी खरं तर उरलेल्या भागवतांसाठी आहे. संग्राहकाचा कस तिथेच लागतो.

तेव्हा वहीत तीन भाग पाडा. पहिल्या भागात फेणे. दुसऱ्यात बाकीचे नायक, म्हणजे पुस्तकातला किडा बिपिन बुकलवार वगैरे मंडळी. तिसरा भाग रूपांतरांचा, आणि या भागाला पानं जास्त सोडा. विज्ञानसाहसकथा लिहिणारा फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती पडला तो मुख्यतः भागवतांमुळे. 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' अशी नावं वाचून मूळ कादंबरी कोणती हे चटकन लक्षात येतंच असं नाही, म्हणून प्रत्येक नावापुढे मूळ लेखक आणि मूळ कादंबरी लिहायला एक रकाना ठेवा. हा रकाना भरताना पुस्तक उघडून प्रस्तावना वाचावी लागते, आणि ती वाचणं हा या उद्योगातला अर्धा आनंद आहे.

वही घेऊन पहिल्यांदा ग्रंथालयात जा, दुकानात नंतर. पुण्यात असाल तर नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय, मुंबईत असाल तर दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. दोन्ही जुनी आणि भरलेली. तालिकेत शोधताना 'भागवत' एवढंच पाहिलंत तर आधी पुराण निघेल, मग दुर्गाबाई, मग लीलावतीबाई. लीलावती भागवत या भा. रां.च्या पत्नी आणि स्वतः मुलांसाठी लिहिणाऱ्या, तेव्हा त्यांची पुस्तकं चुकून हाती लागली तर परत ठेवू नका. माझं मत विचाराल तर त्यांचा एक खण शेजारी असायलाच हवा.

आता खरेदी. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत नवं मिळेल. जुन्यासाठी मुंबईच्या फोर्टातल्या पदपथावरचे विक्रेते, रद्दीची दुकानं आणि बंद पडत चाललेल्या खासगी वाचनालयांची विक्री, हे तीन रस्ते. रद्दीवाल्याला लेखकाचं नाव सांगून उपयोग नसतो. 'लहान मुलांची जुनी गोष्टीची पुस्तकं आली की बाजूला ठेवा' असं सांगून मोबाइल नंबर द्यावा. जुनं पुस्तक हातात आलं की मुखपृष्ठ बघून हुरळू नका, आतलं प्रकाशनाचा तपशील असलेलं पान काढा. आवृत्ती कितवी, साल कोणतं, प्रकाशक कोण, किंमत किती, चित्रं कुणाची, हे पाचही तिथल्या तिथे वहीत उतरवा. एकच गोष्ट निरनिराळ्या काळात निरनिराळ्या प्रकाशकांकडून आलेली असू शकते, आणि मधल्या काळात चित्रं बदललेली असू शकतात. जुनी चित्रं हवी असतील तर नवी आवृत्ती असूनही जुनी घ्यावी लागेल. मग सगळी पानं मोजा. मुलांच्या पुस्तकाचं शेवटचं पान हमखास गायब असतं, आणि रहस्यकथेत ते परवडत नाही. वाचनालयाचा शिक्का असेल तर पुस्तक रीतसर बाद केल्याची नोंद आहे का तेही पाहा. नसेल तर सोडून द्या, कितीही मोह झाला तरी.

पुस्तकांइतकीच नियतकालिकं महत्त्वाची. भागवतांनी 'बालमित्र' हे मुलांचं मासिक चालवलं. त्याचे सुटे अंक दिसले तर किंमतीत फार घासाघीस करू नका, कारण मासिकं रद्दीत सगळ्यात आधी जातात. बालभारतीच्या 'किशोर'चे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, तिथे अनुक्रमणिका चाळायला एखादा रविवार राखून ठेवा. मात्र कुणी संपूर्ण पुस्तकांच्या पीडीएफ पाठवू लागलं तर नको म्हणा. भागवत २००१ साली गेले, म्हणजे आपल्या कायद्याप्रमाणे त्यांच्या लेखनाचा स्वामित्वहक्क २०६१ संपेपर्यंत आहे.

घरी आणल्यावर पुस्तक थेट कपाटात नको. आधी दोन-चार दिवस सावलीत, वाऱ्यावर उभं ठेवा, पानापानांत कसर आहे का बघा. पातळ पुस्तकांच्या पिना गंजलेल्या असतात. त्या हलक्या हाताने काढून पांढऱ्या सुती दोऱ्याने दोन टाके घालावेत. फाटल्या पानाला चिकटपट्टी मुळीच लावू नका. ती काही वर्षांत पिवळी पडते, सुटते आणि अक्षरं सोबत घेऊन जाते. पातळ जपानी कागद आणि घरची पातळ खळ पुरते. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको, पावसाळ्यात ओल धरते. वेखंडाची पुरचुंडी ठेवा, आणि दिवाळीच्या आवराआवरीत सगळं एकदा बाहेर काढा.

शेवटची तरतूद पैशाची. फेणेची चार-पाच पुस्तकं दुप्पट घ्या, एक प्रत संग्रहाची आणि एक घरात येणाऱ्या पोरांसाठी. ती दुसरी प्रत परत येणार नाही असं धरूनच हिशेब मांडा.