सिक्युरिटीत येताय? आधी काउंटरवर बसून बघा

सायबर सिक्युरिटीत नव्याने आलेली मुलं विचारतात, सर्टिफिकेशन कुठलं करू, टूल कुठलं शिकू? ते शिकालच. त्याआधी ज्यांच्यासाठी नियम लिहिणार आहात, त्यांच्या शेजारी एक दिवस खुर्ची टाकून बसा.

एका सहकारी बँकेच्या ऑडिटला मी शाखेत असाच बसलो होतो. कागदोपत्री सगळं चोख: दर महिन्याला पासवर्ड बदलायचा, त्यात कॅपिटल अक्षर, आकडा, चिन्ह हवंच. ठरावीक रकमेच्या वरची एन्ट्री क्लार्कने करायची आणि अधिकाऱ्याने आपल्या लॉगिनमधून पास करायची. त्या दिवशी पेन्शनरांची रांग दारापर्यंत गेलेली आणि अधिकारी लॉकररूममध्ये. क्लार्क मॅडम उठल्या, अधिकाऱ्यांच्या टेबलावर जाऊन पासवर्ड टाकला, स्वतःचीच एन्ट्री पास केली आणि परत जागेवर आल्या. लपवाछपवी काहीच नाही. देवाचं नाव, पुढे चिन्ह, पुढे महिन्याचा आकडा. पासवर्ड सगळ्या शाखेला पाठ होता.

अहवालात 'कर्मचारी निष्काळजी' असं लिहून हात झटकता आले असते. पण समोर काठी टेकून उभ्या असलेल्या आजोबांना मॅडमनी किती वेळ ताटकळत ठेवायचं? अधिकारी जागेवर नसताना पासिंग कुणी करायचं, याचं उत्तर नियमात नव्हतंच. दुसऱ्या एका अधिकाऱ्याला स्वतःच्या लॉगिनवर पासिंगचा अधिकार द्या आणि दरमहा पासवर्ड बदलणं बंद करा, असं आम्ही सुचवलं.

दुसरी सूचना ऐकून नवखे दचकतात. पण अमेरिकेच्या 'निस्ट' या मानकसंस्थेनेही 2017 मध्ये हेच सांगितलं: पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तरच तो बदलायला लावा, चिन्हं-आकड्यांची सक्ती नको, मात्र फुटलेल्या पासवर्डच्या यादीशी ताडून बघा. मुळात 1975 मध्येच साल्टझर आणि श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी सुरक्षेच्या तत्त्वांत 'वापरणाऱ्याला सहज पेलेल' ही अट घातली होती. तरी 1999 मध्ये व्हिटन आणि टायगर या संशोधकांनी पीजीपी हे ईमेल गुप्त ठेवण्याचं सॉफ्टवेअर बारा जणांच्या हाती दिलं, तेव्हा दीड तासात जेमतेम एक तृतीयांश लोकांना ते नीट जमलं. आतलं गणित पक्कं होतं, पण स्क्रीनवर काय करायचं ते समजत नव्हतं.

आपल्याकडचा अभ्यासाचा उत्तम नमुना म्हणजे यूपीआय. फोन आणि नंबरची सांगड नोंदणीच्या वेळीच घातली जाते, त्यामुळे रोज फक्त चार किंवा सहा आकडी पिन टाकायचा. कुलपं दोन, पण माणसाला एकच जाणवतं. मला हे डिझाइन मनापासून आवडतं. तरीही 'पैसे मिळवायला पिन टाका' म्हणून लोकांना लुबाडलं गेलंच. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पण समोरच्या रिक्वेस्टमध्ये पैसे येणार की जाणार, हे घाईत कळायला हवं ना!

पहिल्या नोकरीसाठी काही दाखवायचं असेल, तर कॉलेजच्या किंवा ओळखीच्या दवाखान्याच्या सिस्टीमवर लोक कुठे आडवाट काढतात ते परवानगी घेऊन टिपा. प्रत्येक आडवाटेपुढे तिचं कारण लिहा. असा दोन पानी कागद घेऊन आलेल्या उमेदवाराशी मी सर्टिफिकेटांच्या फायलीपेक्षा जास्त वेळ बोलतो.