अ‍ॅडॅप्टिव्ह मेश चालवण्याआधी कोपरे तपासा

"मेश बारीक करत जा, उत्तर आपोआप बरोबर येतं." फायनाइट एलिमेंट विश्लेषणात, म्हणजे भागाचे छोटे तुकडे (एलिमेंट) करून त्यातला स्ट्रेस (अंतर्गत ताण) संगणकावर काढताना, हा सल्ला नवख्यांना सर्रास दिला जातो आणि तो घातक आहे. या तुकड्यांची जाळी म्हणजे मेश; अ‍ॅडॅप्टिव्ह मेशमध्ये जिथे चूक जास्त दिसते तिथेच ती फेरीगणिक बारीक केली जाते. का, ते स्टीलच्या एका एल आकाराच्या ब्रॅकेटवर दाखवतो. त्याचा एक पाय बोल्टने भिंतीला जखडलेला आहे, दुसऱ्यावर वजन आहे.

मॉडेल, मटेरियल, लोड तयार आहेत असं धरतो. पहिला मेश जाडाच ठेवा, पण टेट्रा (चार पृष्ठांचे एलिमेंट) 10 नोडचे, म्हणजे 10 बिंदूंचे, घ्या. 4 नोडचे टेट्रा वाकताना फार ताठ वागतात. एकदा सोडवा आणि एरर एस्टिमेटर (चूक कुठे किती आहे ते सांगणारी पद्धत) लावा. झिएन्किएविच आणि झू यांची 1987 ची पद्धत पुरते: एलिमेंटागणिक तुटक आलेला स्ट्रेस गुळगुळीत करायचा, आणि दोघांतल्या फरकावरून चूक किती आहे याचा अंदाज घ्यायचा. मात्र दोन वेगळे धातू जोडलेले असतील, तर त्यांच्या सीमेपलीकडची सरासरी घेऊ देऊ नका. तिथे स्ट्रेस खरोखरच तुटक असू शकतो.

आता खरी अडचण. मेशिंग सोपं व्हावं म्हणून मी आतल्या कोपऱ्यातला फिलेट (कोपऱ्याची गोलाई) काढून टाकला होता. फेरीगणिक तिथला स्ट्रेस आला 212, 290, 398, 545 मेगापास्कल. दर वेळी वाटायचं, अजून एक फेरी केली की स्थिरावेल. नवे एलिमेंट सगळे त्या एका रेषेवर गोळा झाले, आणि बोल्टच्या भोकाभोवतीचा मेश पहिल्या दिवशी होता तसाच जाडा राहिला. चाचणीत तडा गेला तो भोकापासून.

त्या आकड्यांचं गुणोत्तर काढून बघा: दर वेळी सुमारे 1.37. धारदार काटकोनी आतल्या कोपऱ्यात लवचिकतेच्या सिद्धांतानुसार स्ट्रेस अनंत असतो, आणि एलिमेंट निम्मा केला की तो साधारण याच पटीने चढतो. तिथे गाठण्यासारखं उत्तरच नसतं. भोकाचं तसं नाही. रुंद, ताणलेल्या पट्टीतल्या छोट्या गोल भोकाच्या कडेला स्ट्रेस 3 पट होतो, हे किर्शने 1898 मध्येच दाखवलं. अशा जागी वाढ फेरीगणिक आटत जाते. म्हणून मी तीन फेऱ्यांचे आकडे शेजारी मांडल्याशिवाय चौथी फेरी चालवत नाही.

कोपऱ्यातला स्ट्रेस हवा असेल तर खरा फिलेट परत घाला, दुसरा इलाज नाही. नको असेल तर तेवढा भाग रिफाइनमेंटमधून (मेश बारीक करण्यातून) वगळा. एका नोडवर ठेवलेला लोड आणि पूर्ण जखडलेल्या पृष्ठाची कड यांनाही हाच नियम लावा.

फिलेट घातलात तर नवे नोड कॅडच्या वक्र पृष्ठावर बसतात की जुन्या टेट्राच्या सरळ कडेवर, हे झूम करून डोळ्यांनी पाहा. कडेवर बसले असतील तर फिलेटला हिऱ्यासारखे पैलू दिसतात, आणि प्रत्येक पैलूच्या धारेवर खोटा स्ट्रेस उभा राहतो.

सगळा मेश एकदम निम्मा करू नका, त्रिमितीत एलिमेंट 8 पट होतात. प्रत्येक एलिमेंटमधल्या चुकीचा वर्ग (स्क्वेअर) काढा, आणि त्यांच्या बेरजेतला निम्मा वाटा ज्या सर्वाधिक चुकीच्या एलिमेंटकडे आहे, तेवढेच फोडा.

थांबायचं कधी? एनर्जीतली (ताणामुळे भागात साठलेल्या ऊर्जेतली) चूक 5 टक्क्यांखाली आली एवढ्यावर थांबू नका. धारदार कोपऱ्यातही एनर्जी मर्यादितच असते, त्यामुळे एकूण टक्केवारी छान उतरते आणि तुम्हाला हवा तो बिंदू तसाच चुकीचा राहू शकतो. भोकाच्या कडेचा स्ट्रेस सलग दोन फेऱ्यांत 2-3 टक्क्यांहून जास्त हलला नाही, की मगच अहवालात आकडा लिहा.