कोणी अदृश्य शक्ती आपल्याला नकळत वळवते आहे असे वाटल्यास तपास कसा करावा

आपल्या हातून घडलेली गोष्ट आपण केलीच नाही, ती कोणीतरी करवून घेतली, असे एखाद्याला मनापासून वाटत असेल तर तो खोटे बोलतो आहे असे समजू नये. माणूस नकळत फसतो आणि नकळत वळवलाही जातो. प्रश्न आहे तो वळवणारा कोण, हा. दुष्ट शक्ती आहेत की नाहीत हा श्रद्धेचा वाद बाजूला ठेवूनही समोर आलेला एखादा अनुभव पारखून घेता येतो.

त्यासाठी अनुभव येताच, कोणाशीही बोलण्यापूर्वी, तारीख, वेळ, आदल्या रात्रीची झोप, घेतलेले औषध किंवा मद्य आणि नेमके काय घडले एवढेच कागदावर उतरवावे. ‘कोणीतरी दार ढकलले’ असे न लिहिता ‘दार उघडले’ असे लिहावे, कारण पहिल्या वाक्यात निष्कर्ष आधीच शिरलेला असतो आणि चारचौघांना सांगता सांगता तो पक्का होत जातो.

त्यानंतर पाहावे ते स्वतःच्या हाताकडे. टेबलाभोवती बसून त्यावर हात ठेवले की आत्मे ते फिरवतात, अशी समजूत युरोपात पसरली असताना १८५३ साली शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांनी बसणाऱ्यांच्या हातांखाली पुठ्ठ्याचे थर ठेवले आणि थरांच्या मध्ये मऊ, चिकट गोळ्या घातल्या. टेबल स्वतःहून सरकत असते तर खालचा थर आधी सरकला असता. प्रत्यक्षात हाताला लागून असलेला वरचा थर पुढे गेलेला आढळला. पुढे त्यांनी काडीचा काटा बसवून हाताचा दाब कोणत्या बाजूला जातो आहे हे बसणाऱ्यांनाच दिसेल अशी सोय केली, तेव्हा टेबल हलेनासे झाले. ही माणसे लबाड नव्हती. आपणच ढकलतो आहोत याचा त्यांना खरोखर पत्ता नव्हता. प्लँचेटचीही अशीच परीक्षा घेता येते: सर्वांचे डोळे बांधावेत, अक्षरांची जागा गुपचूप बदलावी, आणि मग अर्थपूर्ण उत्तर येते का ते पाहावे.

रात्री जाग आली, अंग हलेना, छातीवर कोणी बसल्यासारखे वाटले, असा अनुभव असल्यास झोपेचा विचार आधी करावा. स्वप्नांच्या झोपेत स्नायू शिथिल केलेले असतात आणि कधीकधी शुद्ध त्यांच्या आधी परतते. हा प्रकार सहसा काही सेकंदांत किंवा मिनिटांत ओसरतो. जागरण टाळून आणि कुशीवर झोपून फरक पडतो का, त्याची नोंद ठेवावी. मात्र जागेपणी आवाज ऐकू येत असतील, कोणी आपल्या डोक्यात विचार घालते आहे असे वाटत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. आवाज इजा करायला सांगत असतील तर त्याच दिवशी, आणि एकट्याने नव्हे.

सर्वात कसून तपासावे ते उपाय सांगणाऱ्याला, कारण नकळत वळवण्याचे काम बहुतेक वेळा येथेच चालते. ‘तुमच्या मनातले ओळखले’ याला फारसे महत्त्व देऊ नये. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपल्या सर्व विद्यार्थ्यांना स्वभाववर्णन म्हणून एकच मजकूर दिला होता, आणि तो आपल्याला किती लागू पडतो यासाठी त्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. सांगितलेले वर्णन शेजाऱ्याला वाचून दाखवावे. त्यालाही ते पटले तर ते कोणाचेच नाही. घरात कोणाला सांगू नका, आजच निर्णय घ्या, आणखी पैसे लागतील, अमुक नातलगापासून दूर राहा, यांपैकी काहीही कानावर पडले तर तेथून उठावे. एवढ्यावरही विश्वास ठेवावासा वाटत असेल, तर उपाय फसला हे कशावरून मानायचे आणि किती दिवसांनी, हे आधी लिहून मागावे. गुण आला तर उपायामुळे आणि नाही आला तर शक्ती फार प्रबळ म्हणून, असे सांगणाऱ्याला पैसे देऊ नयेत.