लोंबता देवदार: आधी हुंडी तपासा

उन्हाळा तोंडावर आलाय. लोंबत्या फांद्यांचा देवदार लावून दोन वर्षं झाली नसतील, तर आजच झाडाजवळ जा आणि खोडाला लागून बोट खुपसा. आळ्यातली माती ओली, पण आतली हुंडी (रोपवाटिकेतून आलेला मुळांचा गोळा) कोरडी लागली, तर झाड संकटात आहे.

अशी झाडं मी डोळ्यांदेखत गेलेली पाहिली आहेत. आळं रोज भरलं जात होतं. मेलेलं झाड उपटलं तर बाहेर चिखल आणि मधोमध कुंडीच्या आकाराचा सुका गोळा. हुंडीतलं हलकं मिश्रण एकदा खडखडीत वाळलं की सहजी पाणी पीत नाही, पाणी कडेने निघून जातं. त्यात देवदार मान टाकत नाही. मुळं सुकली तरी सुया कित्येक दिवस हिरव्या दिसतात. शेंडे तपकिरी होईपर्यंत फार उशीर झालेला असतो, आणि सुया झडलेल्या जुन्या लाकडावर सहसा नवी फूट येत नाही. (आतल्या जुन्या सुया पिवळ्या होऊन गळतात, त्याला घाबरू नका. शेंड्यांकडे बघा.)

उपाय साधा आहे. नळी अगदी बारीक धारेवर खोडाजवळ ठेवा, अर्धा तास तरी. मग पुन्हा बोट घाला. कोरडं लागलं तर नळी तशीच राहू द्या. पुढे ५ सेंमी खाली सुकलं की पाणी, रोजच्या सवयीने नाही. साचलेलं पाणीही मुळं कुजवतं. हिमालयाच्या उतारावरचं झाड आहे हे, निचऱ्याच्या जमिनीतलं.

विक्रेता पाणी धरणारं जेल, ह्युमिक आम्ल, मुळांचं टॉनिक गळ्यात मारेल. घेऊ नका. कोरड्या हुंडीला यातलं काहीच वाचवत नाही.

नव्या लागवडीसाठी:
- ३० सेंमी खोल खड्डा पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर जागा बदला
- पूर्ण ऊन, इमारतीपासून १० मीटर
- खड्डा हुंडीच्या दुप्पट रुंद, खोली हुंडीइतकीच
- लावण्याआधी हुंडी बादलीत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत
- गोल फिरलेली मुळं सोडवा, न सुटणारी कापा
- कलमाचा जोड मातीच्या वर
- शेंडा बांबूला सैल बांधा, नाहीतर झाड जमिनीवर पसरतं
- आच्छादन ५ ते ८ सेंमी, खोडाला न टेकवता

माझा अंदाज असा की गुडघाभर रोप पुरुषभर उंचीच्या महागड्या झाडापेक्षा लवकर जम धरतं. लहान हुंडी भिजवणं सोपं, एवढंच कारण असावं.

कडक उन्हात लाल कोळीही (सुयांचा रस शोषणारी बारीक कीड) येतो. पांढऱ्या कागदावर फांदी झटका. ठिपके चालू लागले तर सकाळी पाण्याचा जोराचा फवारा मारा, तीन-चार दिवसांनी पुन्हा. तरीही राहिला तर पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम, लेबल वाचून. पारा ३२ अंशांच्या वर असेल तर मात्र गंधक नको, सुया भाजतात. आणि फवारणीच्या आदल्या दिवशी हुंडी भिजलेली हवी, तहानलेल्या झाडावर औषध मारू नका.