संगणकाचा ५.१ ध्वनी होम थिएटरपर्यंत नेताना

सांगली-मिरजेकडच्या अनेक घरांत संगणक होम थिएटरला एकाच वायरने जोडलेला दिसतो आणि पाचही स्पीकर वाजतात म्हणून काम फत्ते झाले असे समजले जाते. प्रत्यक्षात ऑक्स इनपुटच्या लाल-पांढऱ्या सॉकेटांच्या जोडीतून दोनच चॅनेल (आवाजाचे स्वतंत्र प्रवाह) जातात, आणि संच तोच आवाज सगळीकडे वाटून देतो. खऱ्या ५.१ साठी, म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर (खर्जाचा स्पीकर) यांसाठी, सहा स्वतंत्र चॅनेल लागतात.

म्हणून केबल विकत घेण्याआधी संचाची मागची बाजू पाहावी. तेथे ५.१ इनपुटची सहा आरसीए (त्या लाल-पांढऱ्या जोडीसारखी गोल) सॉकेटे असतील, तर ३.५ मिमी पिनेपासून दोन आरसीए निघणाऱ्या तीन केबल पुरतात: संगणकाच्या हिरव्या सॉकेटातून पुढचे स्पीकर, काळ्यातून मागचे, नारिंगीतून सेंटर व वूफर. मदरबोर्डवर तीनच सॉकेटे असल्यास बहुधा निळे मागच्या स्पीकरांचे आणि गुलाबी सेंटर-वूफरचे काम करते. मात्र ऑडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये तसे निवडावे लागते.

संचाला एचडीएमआय इनपुट असेल तर एकच केबल पुरते. त्या सॉकेटावर ‘आउट’ लिहिलेले असेल तर ते टीव्हीसाठी आहे. संगणक तेथे जोडून काही साधत नाही, आणि नेमकी हीच चूक सहज होते. ऑप्टिकल (प्रकाशातून ध्वनी नेणाऱ्या) केबलमधून असंकुचित, म्हणजे न दाबलेला, ध्वनी दोनच चॅनेलांत जातो, त्यावरून ५.१ हवे असल्यास संगणकाने डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस या पद्धतीने संकुचित केलेला प्रवाह पाठवावा लागतो आणि तो संचाला उलगडताही यावा लागतो. लॅपटॉपला हेडफोनचेच सॉकेट असेल, तर ५.१ चे यूएसबी साउंड कार्ड घ्यावे.

जोडणी दोन्ही यंत्रे बंद ठेवूनच करावी. नंतर विंडोजच्या साउंड विभागातील प्लेबॅकच्या यादीत आपले उपकरण निवडून ‘कॉन्फिगर’मध्ये ५.१ ठरवावे व ‘टेस्ट’ दाबावे. ही चाचणी घाईने उरकू नये. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची एकेक तार ऐकतो, तसा प्रत्येक स्पीकर स्वतंत्रपणे ऐकावा. संवाद वूफरमधून घुमत असतील, तर सेंटर-वूफरच्या केबलची दोन टोके आपसांत बदलावीत. सारखी घूं-घूं येत राहिल्यास दोन्ही यंत्रे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावून पाहावीत.