कंदिलाची एक तिरीप अन् आठ चित्रं
एडगर ॲलन पो या अमेरिकी लेखकाची 'द टेल-टेल हार्ट' ही 1843 ची कथा चित्रांत काढायची असंल तर आधी दोनदा वाचा अन् भूत शोधत बसू नका, त्यात भूतच नाही. आहे तो म्हाताऱ्याचा फिकट निळा, पडदा आलेला डोळा, अन् सात रात्री बारा वाजता दार किलकिलं करून कंदील आत सरकवणारा माणूस. आठव्या रात्री डोळा उघडा सापडतो, तेच मेन चित्र.

क्रिटा हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. ए4 कागदाला 300 डीपीआय (एका इंचात 300 ठिपके) म्हणजे 2480 बाय 3508 पिक्सेल. आधी सगळीकडं काळपट निळा भरा, पूर्ण काळा नको बरं का, प्रिंटमधी नुसतं डांबर दिसतं, मग वरच्या लेयरवर (थरावर) स्क्रीन मोडमधी, म्हणजे खालचा रंग उजळवणाऱ्या मोडमधी, पिवळी तिरीप, एकच. अंधार जमत नसंल तर दौलताबादच्या किल्ल्यातल्या अंधारीत, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारी वाटेत, जाऊन या, मी गेल्तो, मोबाईलची बॅटरी लावली की दगडाची कड तेवढी दिसते, बाकी कायबी नाही, तेच काढायचं.

शेवटी तो माणूस म्हाताऱ्याला मारून जमिनीच्या फळ्यांखाली लपवतो, अन् पोलीस आल्यावर त्याला तिथनं काळजाचे ठोके ऐकू येतात. हे ठोके चित्रात कसे दाखवणार? जमिनीच्या फळ्यांच्या रेघा शेवटच्या चित्रांत वाकड्या करत न्या. अन् पोलीस तिघंच आहेत, चौथा घुसवू नका.